दारावरचे घोडे

खडीने भरलेला डंपर घाटाच्या तिसऱ्या वळणावर आला, की तात्या स्टिअरिंगवर तळहात आपटतात आणि म्हणतात, "दम खातीया." गेली दोन वर्षे ते हेच म्हणत होते. डंपर माझ्या मावसभावाचा आणि तात्या त्याच्याकडचे ड्रायव्हर. मालकाचे म्हणणे, गाडी जुनी झाली आणि तात्याही जुने झाले. तात्यांचे म्हणणे, "मी म्हातारा झालो असंल, पर घाट तेवढाच हाय."

मागच्या उन्हाळ्यात मावसभावाचा फोन आला. "दादा, तू मेकॅनिकलचा डिप्लोमा केलायस ना? एक जण म्हणतोय, गाडीचं हॉर्सपॉवर वाढवून देतो. कंपनीचा एअर फिल्टर काढून टाकायचा, त्या जागी तो शंकूसारखा उघडा फिल्टर बसवायचा, पाइप मोठा करायचा. वीस हॉर्सपॉवर वाढतं म्हणे. पंधरा हजार सांगतोय. देऊ का?"

मी विचारले, "आत्ता किती आहे?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग गाडीकडे बघून वाचल्यासारखे उत्तर आले, "सोळा तेरा."

आमच्याकडे बहुतेक मालकांचे हॉर्सपॉवरचे ज्ञान इथेच संपते, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. टाटांच्या ट्रकच्या नावातच त्याची कुंडली असते. पहिले दोन आकडे म्हणजे मालासकट एकूण वजन किती टन, आणि पुढच्या दोन आकड्यांवर एक शून्य दिले की साधारण किती घोडे. १२१० म्हणजे बारा टन आणि शंभर घोडे. १६१३ म्हणजे सोळा टन आणि एकशे तीस. पुढे २५१८ आली, ३११८ आली, ४०१८ आली, आता ५५३० रस्त्यावर आहे. चहाच्या टपरीवर बसल्या बसल्या हा भागाकार करून बघा. १२१० ला टनामागे आठ घोडे मिळत होते, १६१३ लाही जवळपास तेवढेच. ३११८ ला पावणेसहा, आणि ४०१८ च्या ट्रेलरला जेमतेम साडेचार. घाटात तो ट्रेलर पुढे असला आणि मागे आपली एसटी अडकली, की आपण ड्रायव्हरला शिव्या देतो. द्यायच्याच तर त्या भागाकाराला द्याव्यात.

ही आकड्यांची रीत जुनी आहे. टाटांच्या टेल्कोने १९५४ साली जमशेदपूरला डेम्लर-बेंझशी करार करून ट्रक बांधायला घेतले. तो करार १९६९ मध्ये संपला, पण इंजिनाची मापे राहिली. आमच्या डंपरमध्ये जे इंजिन आहे त्याला गॅरेजमध्ये '६९७' म्हणतात. सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर, म्हणून ६९७. पिस्टनचा प्रवास १२८ मिलिमीटर. गुणाकार केला की ५.६७५ लिटर येतात. मर्सिडीजच्या ओएम ३५२ या इंजिनाचे माप हेच. त्याचेच चार सिलिंडरचे भावंड म्हणजे ४९७.

पण दारावरचा आकडा हा जन्माच्या वेळचा. आज गाडीत किती घोडे उरलेत हे दार सांगत नाही. आणि आज किती आहेत हे माहीत नसताना वीस वाढले हे कोण ठरवणार? ज्याने पंधरा हजार घेतले तो, की ज्याने दिले तो? दोघांनाही वाढलेच असे वाटणार. उघड्या फिल्टरचा आवाज मोठा येतो, आणि आवाज वाढला की कानाला गाडी पळतेय असे वाटते. म्हणून मी मावसभावाला सांगितले, पंधरा हजार खिशात ठेव, आधी मोजू.

*

हॉर्सपॉवर हा शब्द मराठी शेतकऱ्याला नवा नाही. विहिरीवरची मोटर पाच एचपीची की साडेसातची, यावर भांडणे होतात. मीटर नसलेल्या कृषिपंपाची वीज आकारणीच एचपीवर ठरते. आकारणी एचपीवर असली की मोटरच्या पाटीवरचा आकडा लहान व्हायला बघतो आणि तीच मोटर विकायला काढली की मोठा, हे मी वेगळे सांगायला नको. ट्रकचेही तसेच आहे.

मुळात हे माप जेम्स वॉटने काढले ते धंद्यासाठी. त्याला वाफेची इंजिने विकायची होती आणि गिऱ्हाईक घोड्यांवर चक्की चालवणारे. तेव्हा आमचे इंजिन तुमच्या इतक्या घोड्यांचे काम करते असे सांगणे आले. चक्कीला जुंपलेल्या घोड्याचा हिशेब करून त्याने आकडा धरला, एका मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणे. दिवसभर राबणाऱ्या साध्या घोड्याला एवढे झेपत नाही. पुढे मेट्रिकवाल्यांनी त्याचे सुटसुटीत रूप केले, ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर. मार्केट यार्डातला हमाल ५० किलोचे पोते दोन सेकंदांत दीड मीटर उंच फळीवर टाकतो, तेव्हा तेवढ्यापुरता तो अर्धा घोडा असतो. दोन्ही घोडे अगदी सारखे नाहीत. वॉटचा ७४६ वॅटचा, मेट्रिक ७३५.५ चा. मेट्रिक घोडा लहान म्हणून तेच इंजिन त्यात मोजले की आकडा मोठा दिसतो.

इंजिनाची ताकद मोजायची तर त्याला अडवावे लागते. १८२१ साली प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने फिरत्या चाकाला लाकडी ठोकळे आवळून, त्याला जोडलेला दांडा किती वजन तोलतो हे बघितले. 'ब्रेक हॉर्सपॉवर'मधला ब्रेक तो. आज पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनांची चाचणी करणारी संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. तिथे इंजिन बाकावर बांधून पाण्याने किंवा विजेने अडवतात. खोलीचे तापमान, हवेचा दाब, डिझेलचे वजन, सगळे नोंदवले जाते आणि शेवटी आकडा २५ अंश तापमानाच्या ठरावीक हवेला जुळवून घेतात. गाडीसकट मोजायचे तर रोलरवर चाके फिरवतात. तिथे येणारा आकडा नेहमी कमी असतो, कारण गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि क्राऊन आपापली दस्तुरी कापून घेतात. शंभरातले साधारण पंधरा वाटेत जातात.

कोणत्या अटींवर मोजले हे न विचारता आकडा ऐकला की फसगत ठरलेली. अमेरिकेत १९७२ च्या सुमारास मोटारींचे आकडे एकाएकी कोसळले. इंजिने तीच होती. आधी पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर, फिल्टर सगळे उतरवून मोजायचे, मग ते लावून मोजू लागले. आमच्या पंधरा हजारवाल्याला मी फोनवर एवढेच विचारले, की वीस घोडे चाकावर की इंजिनावर, आणि कशाने मोजले? तो म्हणाला, "साहेब, फरक लगेच जाणवतो."

*

डंपर बाकावर बांधण्याची आमची ऐपत नव्हती. पण घाट होता. घाट हे फुकटचे मापयंत्र आहे, कारण तो वजन वर उचलायला लावतो आणि वॉटची व्याख्याच ती आहे. सूत्र पाचवीतल्या मुलाला जमेल असे. गाडीचे किलो गुणिले चढलेले मीटर, भागिले पंचाहत्तर, भागिले सेकंद.

पुणे-सातारा पट्ट्यातला एक घाट निवडला. नाव लिहीत नाही, सहा वेळा वर-खाली करणारा डंपर बघून कोणी विचारले नाही हे नशीब. मैलाच्या दोन दगडांमधले तीन किलोमीटर घेतले. मोबाइलच्या बॅरोमीटरने वर-खाली तीनदा मोजून उंचीचा फरक धरला १६० मीटर. वजनकाट्याची पावती १५,९४० किलोची. माल म्हणून खडीच ठेवली. ती नासत नाही आणि तिची कोणी वाट बघत नसते. गिअर ठरवला तो शेवटपर्यंत बदलायचा नाही, पाय जमिनीपर्यंत दाबून ठेवायचा, वेळ सकाळी सहाची, म्हणजे हवा रोज सारखी आणि रस्ता मोकळा.

टायरही ओढ खातात. बऱ्या डांबरी रस्त्यावर वजनाच्या सुमारे ०.८ टक्के. म्हणजे तीन किलोमीटर चालणे हे आणखी २४ मीटर चढण्यासारखे. तेव्हा १६० चे १८४ धरले. ताशी पंचविसाच्या वेगाला वाऱ्याचा अडथळा सोडून दिला तरी चालतो. १५,९४० गुणिले १८४ भागिले ७५, आले ३९,१०६. आता याला फक्त सेकंदांनी भागायचे.

पहिल्या दिवशीच्या दोन फेऱ्या, ७ मिनिटे ३ सेकंद आणि ७ मिनिटे ७ सेकंद. सरासरी ४२५ सेकंद. चाकावर ९२ घोडे.

एकशे तीसमधून वाटेतली दस्तुरी वजा केली तर एकशे दहाच्या आसपास हवे होते. तात्या वही बघून म्हणाले, "म्हंजी अठरा घोडी कुणीतरी सोडून नेली." मावसभाऊ काही बोलला नाही. एकाच दिवसाच्या दोन फेऱ्यांत चार सेकंदांचा फरक पडला होता, हेही मी वहीत लिहून ठेवले. चार-पाच सेकंद ही आमच्या मोजण्यातलीच चूक. त्याच्या आतला कुठलाही फायदा हा फायदा नव्हे.

*

इंजिन डिझेलवर चालते असे आपण म्हणतो. वजनाने बघितले तर ते हवेवर चालते. एक किलो डिझेल पुरते जळायला साडेचौदा किलो हवा लागते. एक लिटर डिझेलला बारा किलो, म्हणजे जवळजवळ दहा हजार लिटर हवा, आणि ही अगदी किमान. डिझेल इंजिनाला धूर न काढता चालायचे तर त्याहून बरीच जास्त द्यावी लागते. आमचे ५.६७५ लिटरचे इंजिन २,४०० फेऱ्यांना, टर्बो नसता तरी, मिनिटाला सहा-सात हजार लिटर हवा ओढते. टर्बो असल्यावर कितीतरी अधिक. टँकरभर हवा दर मिनिटाला, आणि ती क्रशरच्या आवारातली.

क्रशरवर एकदा उभे राहून बघा. दहा वाजेपर्यंत बाभळीची पाने पिठासारखी पांढरी होतात. डंपरच्या केबिनच्या पाठीमागे एक उंच नळकांडे असते, वर टोपी घातलेले. ते उंच अशासाठी की चाकाजवळ धूळ दाट असते आणि वर विरळ. तिथून आलेली हवा डब्यात गरगर फिरवली जाते, जड कण तळाला बसतात आणि तळाच्या रबरी चोचीतून खाली पडतात. उरलेली धूळ कागदी फिल्टर अडवतो. इंजिनाला खरी मारक धूळ पाच ते वीस मायक्रॉनची, माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक, डोळ्याला न दिसणारी. ती रिंग आणि लायनर घासून काढते. आमच्या डब्याची रबरी चोच कधीच गळून पडली होती. भोकात कोणीतरी कापडाचा बोळा कोंबलेला. त्यामुळे तळाची धूळ बाहेर पडायची वाटच बंद.

फिल्टर किती गुदमरला हे बाहेरून बघून कळत नाही. त्यासाठी आम्ही गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी घेतली. दोन मीटरची. फळीवर इंग्रजी यू सारखी ठोकली, शेजारी मोजपट्टी, आत कुंकू टाकलेले पाणी. फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या पाइपावर फिल्टर चोंदल्याचे सांगणारी लाल पट्टीची एक बारकी कुपी असते. ती काढून त्या भोकात नळीचे एक टोक घट्ट बसवले आणि फळी केबिनमध्ये घेतली. (कोणी हे करून बघणार असेल तर नळीची दोन्ही बाजूंची उंची भरपूर ठेवावी. पाणी ओढून इंजिनात गेले तर हा लेख मी लिहिला नव्हता असे समजावे.) इंजिन ओढू लागले की एका बाजूचे लाल पाणी वर चढते, दुसरीकडचे खाली जाते. दोन्हींमधले अंतर म्हणजे फिल्टर पार करायला इंजिनाला मारावी लागणारी ओढ. टर्बो डिझेलला साधारण २५ इंच, म्हणजे ६३ सेंटिमीटरपर्यंत फिल्टर चालवावा, मग बदलावा असा दंडक आहे.

घाटात पाय पूर्ण दाबल्यावर आमच्या नळीतला फरक ७१ सेंटिमीटर भरला. आपल्या डोक्यावरच्या हवेचा एकूण दाबच दहा मीटर पाण्याएवढा. त्यातले पाऊण मीटर, सात टक्के, फिल्टरच गिळत होता.

नवा कागदी फिल्टर घातला, रबरी चोच बसवली. नळीत २७ सेंटिमीटर. तात्या खूश, मावसभाऊ खूश. दुसऱ्या सकाळी दोन फेऱ्या मारल्या, ६ मिनिटे ५८ आणि ६ मिनिटे ५४. सरासरी ४१६ सेकंद, ९४ घोडे. फक्त दोन वाढले, तेही मोजण्यातल्या चुकीच्या जेमतेम पलीकडे. चार टक्क्यांहून थोडी जास्त हवा मोकळी झाली आणि ताकद वाढली दोन टक्के.

इथे डिझेल आणि पेट्रोलचा फरक कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि शंकूवाल्या फिल्टरचा सगळा धंदा हा फरक न कळण्यावर चालतो. पेट्रोल गाडीत तुम्ही पाय दाबता तेव्हा हवेचे दार उघडता आणि हवेच्या मागोमाग पेट्रोल जाते. तिथे हवेचा रस्ता मोकळा केला तर ताकद थोडी वाढू शकते. डिझेलमध्ये हवेला असे दारच नाही. हवा नेहमी पूर्ण जाते. पाय ठरवतो तो डिझेल किती फवारायचे ते. पंप तेवढेच डिझेल देत असेल तर जादा हवा आत जाऊन नुसतीच बसून राहते. फायदा होतो, पण वेगळा. धूर कमी होतो, एक्झॉस्ट थंड राहतो, लिटरमागे दोन पावले जास्त पडतात. घोडे मात्र हवेने जन्मत नाहीत. चोंदलेल्या फिल्टरपायी जे गेले असतील तेवढेच परत येतात.

मग उरलेले सोळा कुठे होते?

*

ते सापडले पंक्चरवाल्याच्या पद्धतीने. टर्बो हवा दाबतो, दाबली की ती तापते, शंभर अंशांच्या वर सहज जाते. गरम हवा विरळ असते, म्हणून तिला रेडिएटरपुढच्या इंटरकूलरमधून फिरवून थंड करतात आणि मग इंजिनात सोडतात. तापमान दहा अंशांनी उतरले की त्याच जागेत तीन टक्के जास्त हवा मावते. या सगळ्या वाटेवर रबरी पाइप आहेत आणि त्यांना आवळणाऱ्या क्लिपा. गाडी उभी असताना, हाताने दाबून बघितले तर सगळे ठणठणीत.

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात पूर्वी काम केलेले एक मिस्त्री मावसभावाने बोलावले. त्यांनी टर्बोच्या तोंडाला जुन्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवला, त्याचा व्हॉल्व्ह तसाच ठेवला, आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने पंधरा पौंड हवा भरली. मग कपडे धुण्याच्या साबणाचा फेस करून ब्रशने एकेक जोड माखत गेले. दोन जोड शांत. तिसऱ्यावर, इंटरकूलरच्या खालच्या पाइपाला, पोटाच्या बाजूला, जिथे हात जातो पण डोळा जात नाही तिथे फेस उकळल्यासारखा उसळला. बोटभर लांबीची चीर. दाब नसताना मिटलेली, दाब आला की ओठासारखी उघडणारी. चिरेभोवती धूळ तेलकट होऊन काळी बसली होती. मिस्त्री म्हणाले, "हे काळं दिसलं की मी साबण पण लावत नाय. इथं हाय म्हणून समजायचं." मग त्यांनी शेजारची क्लिप बोटाने फिरवून दाखवली. ती मुळात आवळलेलीच नव्हती.

ज्या पंपाला टर्बोचा दाब बघून डिझेल देणारा पडदा असतो, तिथे अशी चीर दुहेरी खाते. हवा गळते ती गळते, आणि दाब कमी दिसला म्हणून पंप डिझेलही कापतो. गाडी काळा धूरही फारसा काढत नाही आणि ओढतही नाही. मालकाला वाटते, गाडी जुनी झाली.

पाइप बदलला, चारही क्लिपा नव्या घातल्या. तिसरी सकाळ, ६ मिनिटे २५ आणि ६ मिनिटे २९. सरासरी ३८७ सेकंद, १०१ घोडे. पहिल्या दिवसापेक्षा तीन किलोमीटरमध्ये ३८ सेकंद कमी. तात्या घाटमाथ्यावर उतरले, गाडीला एक प्रदक्षिणा घातली, आणि मावसभावाला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते असे त्याच्या तोंडावर दिसत होते.

बाकीचे नऊ कुठे आहेत याचा अंदाज आहे. इंजिनाने बरीच वर्षे क्रशरची धूळ खाल्लेली, कॉम्प्रेशन उतरलेले असणार, इंजेक्टर तपासायचेत, आणि घाट समुद्रसपाटीवर नाही. टर्बो नसलेले इंजिन हजार मीटर चढले की सुमारे दहा टक्के ताकद गमावते. लडाखात ५,३५९ मीटरवरच्या खारदुंग ला खिंडीत हवेचा दाबच निम्म्यावर येतो. टर्बो हे नुकसान बरेच भरून काढतो, सगळे नाही.

*

शंकूच्या फिल्टरचे काय? तो मी एका ओळखीच्याच्या पिकअपवर बघितला. बॉनेटखाली, इंजिनाच्या कुशीत, उघडा. बाहेर ४० अंश असले तर त्या कुशीत ६५ सहज असतात. म्हणजे पंचवीस अंशांनी तापलेली, सात टक्क्यांहून जास्त विरळ हवा तो कौतुकाने आत घेतो. कंपनीने नळकांडे बाहेर, उंचावर, गार हवेत नेऊन ठेवलेले असते, ते आपण पैसे देऊन काढायचे. शर्यतीच्या गुळगुळीत रस्त्यावर, रोज धुऊन तेल लावणाऱ्याच्या हातात त्याला अर्थ असेल. क्रशरवर नाही.

वीस घोडे खरोखर वाढवायचा रस्ता एकच, आणि तो प्रत्येक मिस्त्रीला माहीत असतो. पंप वाढवायचा. पंपावरचे शिशाचे सील तोडायचे, स्क्रू अर्धा आटा फिरवायचा, डिझेल जास्त. गाडी खरेच पळते. घाटात मागच्या मोटारसायकलवाल्याचे तोंडही खरेच काळे होते. हवा तेवढीच असताना डिझेल वाढले, की न जळलेले काजळी होऊन बाहेर पडते, एक्झॉस्ट तापतो, पिस्टन आणि हेड फुटायला लागतात. पीयूसीला नळी घालून पाय दाबला की जुन्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट, बीएस-४ गाड्यांना ५०. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की नोंदणीच्या पुस्तकातल्या मूळ तपशिलांशी जुळणार नाही असा फेरफार गाडीत करता येत नाही. पण कायद्याच्याही आधी हिशेब आडवा येतो. धुरातून जाणारे डिझेल आपणच पंपावर विकत घेतलेले असते.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत तर हे सारे सेन्सरच्या नजरेखाली चालते. आत जाणारी हवा मोजूनच डिझेल ठरते. पाइप बदलला, सेन्सरवर तेलाचा थर बसला, की गाडी दिवा लावते आणि स्वतःच ताकद उतरवून घेते. तिथे हात घालण्याआधी स्कॅनरवर दाब किती येतोय तेवढे बघावे. चीर शोधायला साबण मात्र तिथेही तोच.

एक गोष्ट मिस्त्रींनी सांगितली ती छापण्यासारखी आहे. फिल्टर रोज काढून फुंकणे ही आपल्याकडे निगा समजली जाते. ती निगा नव्हे. नव्या कागदापेक्षा थोडी धूळ बसलेला कागद जास्त बारीक गाळतो, कारण बसलेली धूळच गाळणीचे काम करते. शिवाय प्रत्येक वेळी डबा उघडला की चिमूटभर धूळ स्वच्छ बाजूला पडते. आणि पंक्चरवाल्याचा शंभर पौंडांचा फवारा कागदाला डोळ्याला न दिसणारी भोके पाडतो. फुंकायचाच तर आतून बाहेर, तीस पौंडांवर नाही, आणि नंतर आत बॅटरी लावून अंधारात बघायचे. कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर तो फिल्टर टाकून द्यायचा.

आमचा एकूण खर्च असा झाला: कागदी फिल्टर, रबरी चोच, इंटरकूलरचा एक पाइप, चार क्लिपा, मिस्त्रींची अर्ध्या दिवसाची मजुरी, सहा फेऱ्यांचे डिझेल. पंधरा हजारांच्या निम्म्याच्या आत. गवंड्याची नळी परत द्यायची राहिली. ती फळीसकट डंपरच्या केबिनमध्ये मागे टांगलेली असते, आणि दर पंधरवड्याला तात्या घाटात तिच्यातले लाल पाणी बघून आकडा खडूने दाराच्या आतल्या बाजूला लिहितात. परवा गेलो तेव्हा तिथे ३१ होते.